हात विसरत नाही, म्हणून…

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या कोल्हापूर जिल्ह्यातील डोंगरी तालुक्यांत गवे आणि रानडुकरे पिकांत उतरतात. त्यामुळे काही घरांत पीकसंरक्षणाचा परवाना असलेली ठासणीची बंदूक असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात या कामासाठी अशा बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. परवाना घेताना तरुण असलेले आजोबा आता सत्तरीपार असतात. काळजीने कोणी काही सुचवले, तर ते म्हणतात, "चाळीस वर्षं बंदूक हाताळतोय, मला काय शिकवता?" त्यांचे म्हणणे कितपत बरोबर आहे?

आपली स्मृती एकाच प्रकारची नसते. सायकल चालवणे ही कौशल्याची स्मृती; 'काल संध्याकाळी मी काय केले' ही प्रसंगाची. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला गेला. त्यानंतर नवे प्रसंग त्याच्या लक्षात राहीनात. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगलाच बसला. पण आपण हे पूर्वी केले आहे, याची त्याला आठवणच नव्हती!

वाढत्या वयात एवढे टोकाचे काही होत नाही. मात्र प्रसंगाची स्मृती आधी सैल होते, हातातले कौशल्य बराच काळ टिकते. स्मृतिभ्रंशाच्या आजारात ही तफावत आणखी वाढते. बार ठासणारा हात सफाईदारच राहतो. पण कालचा बार उडवला की तसाच राहिला, हे आठवत नाही. म्हणजेच सफाईदार हात ही सुरक्षिततेची खूण नव्हे.

त्यातून ठासणीच्या बंदुकीची नळी मागून बंद. काडतुसाच्या बंदुकीसारखी ती उघडून पाहता येत नाही. दारू कोरडी राहिली, तर वर्षांनंतरही पेटू शकते. म्हणून जाणकार लोक ठासायच्या गजावर खूण करून ठेवतात. नळी रिकामी असेल, तर गज खुणेपर्यंत आत जातो. बार असेल, तर खूण बाहेर राहते. इथे आठवणीची जागा मोजमापाने घेतली. बंदूक कुलपात आणि दारू वेगळ्या कुलपात, हाही तसाच उपाय. मुलांनी मात्र बंदुकीला हातच लावायचा नाही.

विसर वाढू लागला, तर? २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाचे वय सत्तर झाल्यावर, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, त्याने सुचवलेल्या वारसाला परवाना मिळू शकतो. बंदूक पोलीस ठाण्यात जमाही करता येते. यात आजोबांचा अपमान नाही. निर्णय त्यांनी स्वतः, भान पक्के असतानाच घ्यावा.

वर्गात विचारून पाहा: आज निघताना घराला कुलूप लावल्याचे कितीजणांना नक्की आठवते? आणि ती आठवण आजचीच कशावरून? उत्तरे ऐकल्यावर आजोबांना हसावेसे कोणालाच वाटणार नाही.