श्वास मोजणारं यंत्र आणि इंदूरची हवा

संपादकांनी विचारलं ते साधंच होतं: मनगटावरच्या घड्याळात आणि जिमच्या पडद्यावर ज्या कॅलरी दिसतात, त्या मुळात मोजतो कोण? शोध घेत गेले आणि एका यंत्रापाशी थबकले. घड्याळ कॅलरी मोजत नाही, अंदाज करतं. त्या अंदाजाची सूत्रं ज्या मोजमापांवरून बसवली जातात, त्यांतलं मोठं काम करणारं हे यंत्र म्हणजे इनडायरेक्ट कॅलरीमीटर. अतिदक्षता विभागात ते चाकांच्या गाडीवर उभं असतं, प्रयोगशाळेत निजलेल्या माणसाच्या डोक्यावर पारदर्शक हूड होऊन बसतं आणि मोठ्या संशोधनसंस्थेत अख्खी हवाबंद खोलीच यंत्र होते.

ते उष्णता मोजत नाही. माणसाने किती ऑक्सिजन घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला, एवढंच पाहतं. १९४९ साली ग्लासगोच्या वीअर यांनी दिलेलं सूत्र आजही वापरात आहे: ऑक्सिजनच्या प्रत्येक लिटरला ३.९४१ आणि कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक लिटरला १.१०६ किलोकॅलरी. मिनिटाला २०० मिलिलिटर ऑक्सिजन घेणारा आणि १६० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडणारा माणूस नुसता पडून राहिला, तरी दिवसाला साधारण १३९० किलोकॅलरी (बोलीतल्या कॅलरी) खर्च करतो.

गणित शाळकरी, पण मोजायची गोष्ट फार बारीक. हूडमधून मिनिटाला ३० लिटर हवा ओढली, तर आत जाणाऱ्या कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९४ टक्के असतो आणि बाहेर येणाऱ्या हवेत तो जेमतेम पाऊण टक्क्याने घटलेला असतो. सेन्सर ०.०२ टक्क्याने चुकला, की उत्तर तीन टक्क्यांनी हलतं. त्यात इंदूरचा श्रावण. २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर हवेचा तीन टक्क्यांहून अधिक हिस्सा नुसती वाफ असते. ती वाफ ऑक्सिजनचं प्रमाण २०.३ पर्यंत खाली आणते, म्हणजे हूडखाली कुणी नसतानाही यंत्राला तिथे माणूस श्वास घेतोय असं वाटेल. म्हणून नमुन्याची हवा आधी वाळवावी लागते. निळं सिलिका जेल गुलाबी पडलं आणि ते बदलायचं राहिलं, तर त्या सकाळच्या साऱ्या मोजणीवर पाणी पडतं.

मला सर्वांत जास्त खेचून घेतलं ते मात्र स्पिरिटच्या दिव्याने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिडलटाउनमध्ये विल्बर ॲटवॉटर आणि एडवर्ड रोझा यांनी माणूस आत राहू शकेल अशी कॅलरीमीटरची खोली उभी केली. माणसाला आत पाठवण्याआधी ते तिथे अल्कोहोल जाळून पाहत. युक्ती सुंदर आहे. शुद्ध इथाइल अल्कोहोलचं एक ग्रॅम जळताना किती ऑक्सिजन खातं आणि किती कार्बन डायऑक्साइड देतं, हे रसायनशास्त्राने ठरवून दिलेलं आहे: १.४६ आणि ०.९७ लिटर. दोन्हींचं गुणोत्तर ०.६६७. दिवा आधी तोलायचा, पेटवायचा, विझवून पुन्हा तोलायचा. २० ग्रॅम जळाले असतील, तर यंत्राने २९.२ लिटर ऑक्सिजन आणि १९.५ लिटर कार्बन डायऑक्साइड दाखवायलाच हवा. इथे यंत्राला पळवाट नाही. फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी पुढे बोस्टनच्या प्रयोगशाळेत हीच शिस्त चालवली.

इंदूरपुरती या दिव्याची खरी किंमत कळते ती हवेच्या दाबात. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे, त्यामुळे इथे पाणी शंभरऐवजी सुमारे ९८ अंशांना उकळतं. पाऱ्याच्या मापात इथला दाब ७१० मिलिमीटरच्या आसपास, मुंबईला तो ७६० च्या जवळ. वायू लिटरमध्ये मोजला, तरी शरीराला लिटरशी देणंघेणं नसतं, रेणूंशी असतं. म्हणून मोजलेलं आकारमान ठराविक दाबाला, शून्य अंशाला आणि कोरड्या हवेला आणावं लागतं. आता सापळा पाहा. हवामान खात्याच्या नकाशांवर आणि फोनच्या ॲपमध्ये दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. इंदूरसाठीही तो हजार हेक्टोपास्कलच्या वर दिसतो, खोलीतला खरा दाब मात्र ९५० च्या आसपास असतो. ॲपमधला आकडा कुणी यंत्रात भरला, की प्रत्येक माणसाचा ऊर्जाखर्च सुमारे सात टक्क्यांनी फुगतो. वरच्या १३९० कॅलरीवाल्या माणसाच्या हिशेबात रोज एक पोळी जास्त येते.

आणि ही चूक नेहमीच्या तपासण्यांत पकडली जात नाही. प्रमाणित वायूचं सिलिंडर सेन्सरची टक्केवारी तपासतं, टक्केवारी बरोबरच असते. तीन लिटरची सिरिंज प्रवाह तपासते, प्रवाहही बरोबर असतो. दोन्ही वायू सारखेच फुगल्यामुळे गुणोत्तर ०.६६७ च येतं आणि तंत्रज्ञ निश्चिंत होतो. दिव्याकडे मात्र ग्रॅम असतात आणि ग्रॅमला दाबाची पर्वा नाही. २९.२ च्या जागी ३१.२ लिटर दिसले, की बिंग फुटतं. गुणोत्तर बरोबर आलं म्हणून समाधान मानणाऱ्यांनी आपली मोजणी निम्मीच तपासली आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

पाच-सात टक्क्यांचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. आपल्या देशातले पोषणाचे मोठे वाद याच अंतरात झाले आहेत. मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजमधल्या एलिनॉर मेसन यांनी बेनेडिक्ट यांच्यासह १९३१ साली दाखवलं, की दक्षिण भारतीय स्त्रियांचा विश्रांतीतला ऊर्जाव्यय अमेरिकी मापदंडांपेक्षा बराच कमी आहे. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी आंतरराष्ट्रीय सूत्रांतून भारतीयांसाठी पाच टक्के वजा केले. मग १९९८ मध्ये सोरेस, शेट्टी आणि सहकाऱ्यांनी भारत व ऑस्ट्रेलियातली मोजमापं शेजारी ठेवली. शरीराची घडण हिशेबात घेतल्यावर वंशाचा वेगळा परिणाम उरत नाही, असं त्यांना आढळलं.

पुण्यातही हा प्रश्न धगधगला. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्यरेषेसाठी माणशी रोज २२५० कॅलरी धरल्या. साताऱ्याकडच्या बुधचे पां. वा. सुखात्मे रोमच्या अन्न व कृषी संघटनेत (एफएओ) संख्याशास्त्राचे संचालक राहिलेले. त्यांचं म्हणणं, एकाच निरोगी माणसाची ऊर्जेची देवघेव दिवसागणिक, आठवड्यागणिक वरखाली होते, शरीर ती सांभाळून घेतं, म्हणून सरासरीची रेघ ओढून तिच्याखालच्या सगळ्यांना उपाशी म्हणू नये. दांडेकरांनी ते खोडून काढलं. दोघांच्याही युक्तिवादांबद्दल मला आदर आहे. पण या वादाचा मोठा आधार खाल्लेल्या अन्नाच्या नोंदींवर होता, आणि त्या नोंदींतल्या चढउतारात शरीर किती आणि मोजमापाची ढिलाई किती, हे वेगळं काढायला श्वासाची काटेकोर मोजणी लागते. कोट्यवधी माणसं रेषेच्या या बाजूला की त्या बाजूला, हे त्यावर ठरतं.

आता अडचणी. दिवा जुना असला तरी सोपा नाही. निर्जल अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं. पाच टक्के पाणी असलेलं स्पिरिट निर्जल समजून तोललं, तर उत्तर पाच टक्के कमी येतं. निर्जल अल्कोहोल मिळवायला उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते. वात नीट कापलेली नसेल तर थोडं स्पिरिट न जळता उडून जातं. काही प्रयोगशाळा म्हणून दिव्याऐवजी शुद्ध नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून सोडतात, पण मग प्रवाह मोजणारं उपकरण स्वतः तपासलेलं हवं. ऑक्सिजनचा रासायनिक सेन्सर वापरला नाही तरी म्हातारा होतो. यंत्राला एकदा अनुदान मिळतं. सेन्सर, सिलिंडर, सिलिका जेल आणि सिरिंजची फेरतपासणी यांचा खर्च दर वर्षी उभा राहतो.

खोलीच्या कॅलरीमीटरांसाठी २०२० साली संशोधकांनी रिकॉर्स नावाची नियमावली काढली. यंत्राची पडताळणी कशी केली, हे निबंधात लिहावं असं ती सांगते. हूड आणि गाडीवरच्या यंत्रांना ती लागू नाही. जुन्या निबंधांत खोलीतला दाब बहुधा छापलेला नसतो, त्यामुळे तक्त्यांतल्या आकड्यांना मागे जाऊन दुरुस्तीही लावता येत नाही.

रुग्णालयात तर दिवा पेटवण्याचा प्रश्नच नाही. शिवाय तिथे आणखी एक भिंत आड येते. आत घेतलेल्या हवेचं आकारमान यंत्र सहसा थेट मोजत नाही. नायट्रोजन जेवढा आत जातो तेवढाच बाहेर येतो, असं धरून ते गणिताने काढतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला ६० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन द्यावा लागला, की नायट्रोजन इतका कमी उरतो की सेन्सरची क्षुल्लक चूकही गुणाकार होत प्रचंड वाढते. सर्वांत गंभीर रुग्णाचं माप त्यामुळे भरवशाचं राहत नाही. मग डॉक्टर वजनाच्या दर किलोमागे २५ ते ३० कॅलरींचा ठोकताळा धरतात आणि नळीतून अन्न सुरू करतात.