शौचपात्रावरील चुन्याचे व गंजाचे डाग : निवारणाचा रासायनिक क्रम

विंधन विहिरीचे पाणी जेथे वापरात असते, तेथील शौचपात्रात पाण्याच्या पातळीलगत खरबरीत पांढरट कडे बसते व त्यावर तांबूस ओघळ उमटतात. दोन्ही डाग एकाच पाण्यातून आलेले असले, तरी त्यांचे रसायन भिन्न आहे. हा भेद न ओळखता केलेले घासणे बहुधा व्यर्थ जाते. तारेच्या घासणीने तर चिनी मातीवरील झिलई ओरखडते आणि पुढचा थर अधिकच घट्ट धरतो.

पांढरे कडे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटाचे होय. दुष्फेन पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निसटला व पाणी आटले, म्हणजे विद्राव्य बायकार्बोनेटाचे अविद्राव्य कार्बोनेट बनते. भारतीय मानक १०५०० (२०१२) पिण्याच्या पाण्यात दर लिटरास २०० मिलिग्रॅम, व अन्य स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत दुष्फेनता ग्राह्य धरते. तेव्हा पिण्यास चालणारे पाणीही असा थर चढवू शकते. भूजलातील फेरस लोह हवेतील ऑक्सिजनाने फेरिक होते आणि या सच्छिद्र थरात मुरते.

सामान्यतः प्रथम विरंजक द्रव ओतला जातो. तो सेंद्रिय रंग घालवतो; गंजावर मात्र त्याचा उपयोग नाही, कारण ऑक्सिडीकारक असल्याने तो उरलेल्या फेरस लोहाचेही फेरिक करतो. त्यावर अम्ल ओतल्यास क्लोरीन वायू सुटतो. १९१५ मध्ये ईप्र येथील रणांगणावर वापरला गेलेला वायू तो हाच. कोंदट शौचगृहात तो प्राणघातक ठरू शकतो.

गंजावर ऑक्झॅलिक अम्ल गुणकारी आहे. ते फेरिक आयनाशी विद्राव्य जटिल संयुग बनवते. परंतु चुन्याचा थर शिल्लक असता तेच अम्ल कॅल्शियम ऑक्झॅलेटाचा अविद्राव्य साका पाडते. अम्ल खर्ची पडते व डाग झाकला जातो. म्हणून क्रम महत्त्वाचा. पात्रातील पाणी उपसावे, नाहीतर अम्ल पातळ होते. मग सायट्रिक अम्लाचा द्राव, वा सवड असल्यास शिरका, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावा. भरपूर पाण्याने धुवावे. त्यानंतरच ऑक्झॅलिक अम्ल वापरावे. ते विषारी असल्याने रबरी हातमोजे आवश्यक आहेत. हायड्रोक्लोरिक अम्ल दोन्ही थर विरघळवते खरे, पण त्याच्या वाफा दाहक असतात आणि धातूचे भाग व सिमेंटचे सांधे त्याने झिजतात.

टाकीतून पाण्याची बारीक धार सतत गळत असेल, तर स्वच्छ केलेल्या जागीच ओघळ पुन्हा उमटू लागतो. ती झडप आधी दुरुस्त करावी.