एका फळीवरचे दोघे



आजच्या विषयाला सुरुवात करण्याआधी भाषेतली एक गोष्ट सांगतो. आमच्या कृष्णाकाठी, सांगली-कोल्हापूरकडे, माणूस एकटा असला तरी स्वतःला 'आम्ही' म्हणतो. पुण्यात शिकवायला आलो तेव्हा पहिल्याच तासाला आम्ही म्हणालो, "आम्ही काल रात्रीच्या गाडीनं आलो." एका मुलीनं विचारलं, "सर, बरोबर कोण आलं?" आता त्या सवयीला पन्नास वर्षं होत आली. ती जायची नाही. तेव्हा आजही आम्ही 'आम्ही'च म्हणणार आहोत, तुम्ही समजून घ्या. पुढे एका ठिकाणी या 'आम्ही'चीच अडचण होणार आहे, ती तेव्हा बघू.

मराठीत 'आम्ही' आहे आणि 'आपण' आहे. 'आम्ही जेवलो' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला. 'आपण जेवू' म्हटलं की तो पंगतीत आला. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेल्या आमच्यासारख्यांच्या हे बरीच वर्षं लक्षातच आलं नव्हतं. ज्या फरकावर घरं मोडतात आणि जुळतात, तो आपल्या व्याकरणात आयता बसला आहे, हे आम्हाला पुस्तकानं शिकवलं नाही. होडीनं शिकवलं.

कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. पावसाळ्यात नदी भरली की सांगलीच्या घाटावर माणूस मावत नाही. सांगलीवाडी, समडोळी, डिग्रज, कवठेपिरान अशा काठावरच्या गावांत या शर्यतींचं वेड आहे. आमचं गावही त्याच काठावरचं. 1929 साली सांगलीला आयर्विन पूल झाला, पण लहान गावांना कुठले पूल? पलीकडच्या शेतात जायचं, बाजार करायचा, लेकीला सासरी पोचवायचं, सगळं नावेतून. पाणी वाढलं आणि नाव हाताशी नसली, तर गुऱ्हाळातली काहिल पाण्यात सोडायची. गूळ आटवायची ती मोठी पसरट कढई. तिच्यात बसून पलीकडे गेलेली माणसं आम्ही पाहिली आहेत, स्वतःही गेलो आहोत. काहिलीला ना तोंड ना शेपूट, वल्हं मारलं की ती जागच्या जागी गरगर फिरते. पोरांना तर ती गरगरच हवी असायची.

शर्यतीची होडी मात्र लांब आणि अरुंद. आमच्या होडीत मागच्या टोकाला सुकाणूवर आण्णा, म्हणजे आमचे वडील. पुढे एकेका आडव्या फळीवर दोन-दोन गडी, एक डावीकडं, एक उजवीकडं. तोंड पुढं, हातात वल्हं, डोळ्यांसमोर पुढच्याची पाठ. सगळ्यात पुढची जोडी जो ताल धरेल तोच मागच्यांनी उचलायचा. इंग्रजांची तऱ्हा उलटी. ऑक्सफर्ड-केंब्रिजची शर्यत 1829 पासूनची. तिच्यात आठ जण पुढे जातात ते पाठमोरे, आणि वाट दिसते ती फक्त सुकाणूवाल्याला. केरळात आलप्पुळ्याला पुन्नमडा सरोवरात 1952 पासून नेहरू ट्रॉफीची शर्यत होते. तिथल्या सर्पनौकेत शंभरावर माणसं बसतात, त्यांचा ताल गाण्यावर चालतो. आमच्याकडं गाणं नव्हतं. आण्णांचा आवाज होता.

आषाढात बेंदूर झाला की घर होडीचं व्हायचं. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर डांबर लावायचं, पहाटे सराव, आल्यावर हुलग्याचं माडगं. आई वल्हं मारत नव्हती, पण कोणाचा हात सोलला, कोण रात्री नीट झोपला नाही, हे आण्णांच्या आधी तिला कळायचं. आणि गंमत बघा, काठावरची सगळी गावं एकमेकांची सोयरी. आमची आत्या पलीकडच्या गावात दिलेली. शर्यतीच्या दिवशी ती सासरच्या बायकांत उभी राहून त्यांच्या होडीच्या नावानं ओरडायची आणि रात्री आमच्याकडं जेवायला यायची. आजी विचारायची, "दुपारी कुणाच्या नावानं वरडत हुतीस गं?" आत्या म्हणायची, "दुपारी आमच्या. आता आपल्या." तत्त्वज्ञानाचा हा पहिला धडा, आणि तो एका चौथी पास बाईनं दिला.

आता जरा पुस्तकाकडं येऊ. डेव्हिड ह्यूम हा अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ. त्याच्या 'ट्रीटाइज'चा तिसरा भाग 1740 साली आला. त्याच्यापुढचा प्रश्न असा होता की माणसं एकत्र राहायचे नियम पाळतात ते कशाच्या जोरावर? एकमेकांना वचन दिलं म्हणून? ह्यूम नाही म्हणतो, आणि दाखला देतो तो होडीचा. दोन माणसं एक होडी वल्हवतात. त्यांनी एकमेकांना कसलंही वचन दिलेलं नसतं. तू ओढशील या भरवशावर मी ओढतो, मी ओढीन या भरवशावर तू. करार नाही, कागद नाही, तरी होडी चालते. मालमत्ता, भाषा, पैसा या गोष्टीही अशाच उभ्या राहिल्या असं तो म्हणतो.

एम.ए.ला असताना हा उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण 1968 च्या पावसाळ्यात एका होडीत, एका फळीवर असेच दोघे बसले होते. डावीकडं आमचा थोरला भाऊ, दादा. उजवीकडं आम्ही.

दादा तेव्हा तेवीस वर्षांचा, तालमीतला. आम्ही अठराचे, सांगलीला कॉलेजात जाणारे, तळहात मऊ पडलेले. शर्यतीला आठवडा राहिला आणि होडी उजवीकडं वळायला लागली. डावी बाजू जास्त ओढली की होडी उजवीकडं वळणारच. ती सरळ करायला सुकाणूवाल्याला सुकाणू पाण्यात धरून ठेवावं लागतं, आणि धरलेलं सुकाणू म्हणजे लावलेला ब्रेक. सगळे जीव तोडून ओढतायत आणि होडी मंद चाललीय, असं होतं. दोन दिवस आण्णा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काठाला आल्यावर दादाला म्हणाले, "जोर दावायचा आसंल तर तालमीत जा. हितं हात जुळवावा लागतो." आणि दादाला खाली उतरवून त्याच्या जागी चुलतभावाला बसवलं. तो अंगानं आमच्यासारखाच. होडी सरळ चालायला लागली. सगळे म्हणाले, आण्णांची नजर!

इथं आम्ही तुम्हाला थांबवणार आहोत. सुकाणूवर बसलेल्या माणसाला नेमकं काय कळतं? होडी वळते, एवढंच. डावा जास्त ओढतोय की उजवा कमी ओढतोय, हे सुकाणू सांगत नाही. सुकाण्याला फक्त दोन बाजूंतला फरक कळतो. फरकाचं कारण हवं असेल तर माणसांना विचारावं लागतं. आम्ही पस्तीस वर्षं ज्ञानमीमांसा शिकवली, पण 'दिसणं' आणि 'कारण कळणं' यांतली फट यापेक्षा सोप्या दाखल्यानं आम्हाला कधी समजावता आली नाही. घरातली वडीलधारी माणसं बहुतेक वेळा सुकाणूवर असतात. दोन पोरांत काहीतरी वाकडं चाललंय हे त्यांना लगेच जाणवतं. मग जो जोरात दिसतो, ज्याचा आवाज मोठा, तो खाली उतरवला जातो. दुसरा गप्प असतो. गप्प पोराला घरात शहाणं म्हणायची पद्धत आहे.

तर, उजवीकडचा कमी ओढत होता. आमचे तळहात सोलले होते. ते आम्ही आईपासूनही लपवले, कारण आण्णांचा मुलगा म्हणून जागा मिळालेली, ती जाईल ही भीती. वल्हं सगळ्यांबरोबर पाण्यात पडायचं, सगळ्यांबरोबर वर यायचं, पण मधे जे करायचं ते आम्ही करत नव्हतो. मघाशी म्हणालो ती अडचण हीच. इथं 'आम्ही' म्हटलं की त्यात चार माणसं असल्यासारखं वाटतं आणि जरा हलकं होतं. तर हा 'आम्ही' म्हणजे एकटा माणूस, अठरा वर्षांचा, ज्याला खरं काय ते माहीत होतं आणि जो काठावर उभ्या भावाकडं न बघता होडीत बसून राहिला.

शर्यतीत आम्ही तिसरे आलो. पुढच्या वर्षी दादा आत्याच्या गावच्या होडीत बसला, आणि ती होडी पहिली आली. तो घर सोडून गेला नाही, रोज रात्री घरीच यायचा. पण आण्णा त्याच्याशी आईमार्फत बोलायला लागले. "त्याला म्हणावं जेवून घे." तो समोर बसलेला असायचा. पुढं लग्नं झाली, वाटण्या झाल्या, दादानं वर माळावर घर बांधलं. घरात आण्णा 'आपली होडी' म्हणायचे तेव्हा दादा उठून बाहेर जायचा.

आजकाल तत्त्वज्ञानात 'सामूहिक कृती' या विषयावर पुष्कळ लिहिलं जातं. मार्गारेट गिल्बर्ट या विदुषींचा 1990 सालचा एक निबंध आहे, दोघांनी मिळून फिरायला जाण्याबद्दल. दोन अनोळखी माणसं योगायोगानं एका रस्त्यानं शेजारी-शेजारी चालत असतील, आणि एक जण पुढं निघून गेला, तर दुसऱ्याला काही म्हणायचा हक्क नाही. पण ती दोघं 'मिळून' चालत असतील तर मागं राहिलेला म्हणू शकतो, अहो, थांबा की! हा टोकण्याचा हक्क म्हणजेच ती दोघं मिळून आहेत याची खूण. ह्यूमच्या होडीत आम्हाला जे कमी वाटत होतं ते इथं सापडलं. ह्यूम दोघांचं हित एक आहे एवढं सांगतो. पण एकानं हात सैल सोडला तर दुसऱ्याला नुसतं नुकसान होत नाही, त्याला बोलायचा हक्कही असतो. आमच्या घरात दादा बोलला नाही. आम्हाला टोकलं नाही, आण्णांपाशी गाऱ्हाणं केलं नाही. आणि आम्ही इतकी वर्षं समजत होतो की त्याला कळलंच नव्हतं.

2005 चा महापूर सगळ्यांना आठवत असेल. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, त्या वर्षी पाणी पन्नाशीच्या वर गेलं. आण्णा तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात. आई आधीच गेलेली. आण्णांना बरं नव्हतं म्हणून आम्ही योगायोगानं गावी होतो. पाणी पायरीला लागलं तरी ते घर सोडायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत होडी आली, मागं दादा. साठीचा दादा. त्यानं काही विचारलं नाही, आत येऊन आण्णांना उचललं आणि होडीत मधे बसवलं. मांडीवर देवांचा डबा. आमच्या हातात एक वल्हं दिलं. आण्णांचं तोंड पुढं, दादाकडं पाठ. गल्ली संपून चौकात आलो तसे आण्णा मान न वळवता म्हणाले, "डावीकडं घे, वर तारा हाईत." दादा म्हणाला, "व्हय." सदतीस वर्षांत मधे कोणी माणूस न ठेवता झालेलं त्यांचं ते पहिलं बोलणं. विजेच्या तारांबद्दलचं!

त्या रात्री गावातल्या उंचावरच्या शाळेत सगळ्यांची सोय केली होती. आण्णा झोपल्यावर व्हरांड्यात आम्ही दादाला सांगितलं. तळहात, वल्हं, सगळं. तो बिडी पेटवत होता. म्हणाला, "मला तवाच ठावं हुतं. तुझं वल्हं पाण्यात पडायचं, पर पाणी बोलायचं न्हाई." एका फळीवर बसणाऱ्याला जोडीदाराच्या पाण्याचा आवाज येतो, तो सुकाणूपर्यंत पोचत नाही. आम्ही विचारलं, मग तेव्हाच बोलला का नाहीस? तो म्हणाला, "आण्णांनी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं." बराच वेळ गेला. मग म्हणाला, "आन् मला वाटलं, तू सांगशील."

आण्णा पुढं दोन वर्षांनी गेले. आम्ही त्यांना सांगितलं नाही. दादानंच अडवलं, "आता त्यास्नी कशाला?" पोराला विनाकारण खाली उतरवलं हे कळून म्हाताऱ्याला काय मिळालं असतं, असं त्याचं म्हणणं. आमचं म्हणणं वेगळं होतं आणि आजही आहे. ज्याच्या हातून अन्याय झाला त्याला ते न सांगणं म्हणजे त्याला शेवटपर्यंत सुकाणूवरच बसवून ठेवणं, त्याला फळीवर आपल्या शेजारी जागाच न देणं. पण हे म्हणणारा माणूस कोण, हेही बघावं लागतं. ज्यानं अठराव्या वर्षी सांगायचं ते सदतीस वर्षं दाबून ठेवलं, त्यानं सत्याची बाजू घेऊन थोरल्या भावाशी वाद घालावा का? नीतिशास्त्राच्या तासाला असा प्रश्न आला असता तर आम्ही फळ्यावर दोन रकाने आखले असते. व्हरांड्यात खडू नव्हता. आम्ही दादाचं ऐकलं.

बरोबर केलं का, यावर आमचं दोघांचं अजून भांडण होतं, बहुतेक दर पावसाळ्यात. घरातली माणसं वैतागतात. आम्हाला मात्र ते भांडण चालू असलेलं बरं वाटतं.

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर घेऊ. दादा आज इथं आला आहे, मागच्या रांगेत, खिडकीपाशी बसलाय. होडीबद्दल काही विचारायचं असेल तर ते त्याला विचारा, आम्हाला नको.