बुडणारे पेट, तरंगणारा कचरा

जपानमधल्या सकाई शहरात सापडलेला ‘आयडिओनेला सकाइएन्सिस’ हा जिवाणू पेट प्लास्टिक पचवतो, हे २०१६मध्ये जाहीर झाले आणि समुद्रावर तरंगणारा कचरा आता जिवाणूच फस्त करतील, अशी आशा पालवली. ती घनतेच्या साध्या गणितातच अडकते. समुद्राच्या पाण्याची घनता घनसेंटिमीटरला सुमारे १.०३ ग्रॅम, पेटची १.३८, म्हणजे पेट बुडते. तरंगतात ती पाण्याहून हलकी पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन. मग पेटच्या बाटल्या लाटांवर दिसतात त्या कशा? बूच घट्ट असेपर्यंत आतली हवा त्यांना तोलून धरते, एवढेच. पाणी शिरले की त्या तळ गाठतात. शिवाय या जिवाणूचे विकर एस्टर बंध तोडते आणि पॉलिथिलीनच्या कार्बनसाखळीत तो बंधच नसतो. या विकराची खरी जागा पुनर्वापराच्या कारखान्यात आहे.