शून्य आणि यादीबाहेर

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. माणसांना दोन्ही नावे कळतात. संगणकाला मात्र ती दोन वेगळी गावे वाटतात. त्यातून काय घडू शकते, ते आज मी सांगणार आहे.

समजा, दुष्काळात राज्याच्या ३६ जिल्ह्यांना चारा कसा वाटायचा, याचे गणित संगणकावर मांडायचे आहे. अशा नियोजनासाठी ‘गॅम्स’सारखी सॉफ्टवेअर वापरतात. गॅम्सचा जन्म १९७०च्या दशकात जागतिक बँकेत झाला. त्यात आधी जिल्ह्यांची यादी द्यायची, मग प्रत्येकाची मागणी. शाळेच्या हजेरीपटासारखेच हे. यादीत ‘अहमदनगर’ आणि आकड्यांच्या तक्त्यात ‘अहिल्यानगर’ असले, की कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेले आधी तपासणारा भाग, अडून बसतो. ‘यादीबाहेरची नोंद’ अशी १७० क्रमांकाची चूक दाखवून काम थांबवतो.

घाईतल्या माणसासाठी ‘ऑनवॉर्न’ नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की चुकीची नुसती ताकीद होते आणि गाडी पुढे जाते. धोका इथेच आहे. ज्या जिल्ह्याचा आकडा मिळाला नाही, त्याची मागणी गॅम्स शून्य धरते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या, २०११च्या जनगणनेनुसार ४५ लाखांवर वस्तीच्या या जिल्ह्याला चाराच नको, असे उत्तर निघेल. तक्ता मात्र दिसेल अगदी नीटनेटका!

म्हणून ही सोय वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. देशभराच्या तक्त्यातून फक्त महाराष्ट्र हवा असेल, तर बाकीच्या नोंदी यादीबाहेर पडणारच. तिथे ताकीद पुरे. पण ती तेवढ्या तक्त्यापुरतीच ठेवावी, लगेच ‘ऑफवॉर्न’ने बंद करावी. ताकिदी वाचाव्यात आणि ३६ जिल्ह्यांचे आकडे आले का, ते मोजावे. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावेही २०२३ मध्ये बदलली. तेव्हा जुन्या-नव्या नावांची जोडयादी आधीच करून ठेवलेली बरी.

ज्याला चारा नको तो शेतकरी आणि ज्याचे नाव यादीत सापडले नाही तो शेतकरी, दोघांपुढे यंत्र शून्यच धरते. त्यांतला फरक माणसानेच पाहायचा असतो.