जहाजावरच्या खर्चाचे पैसे आधीच भरावेत काय?

समुद्रसफरीचा म्हणजेच क्रूझचा धंदा मुख्यतः अमेरिकेतला. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन या तिन्ही मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मायामी शहरात व त्याच्या आसपास आहेत. परदेशी स्थायिक झालेले आपले नातेवाईक अशा सफरीवर जातात, आखातातून व इंग्लंड-अमेरिकेतून सहकुटुंब बोलावणी येतात आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून तर मुंबई बंदरातूनच कॉर्डेलिया कंपनीचे जहाज फेऱ्या करू लागले. कोकणातल्या आणि गोव्यातल्या अनेक घरांना जहाजाची माहिती आहे ती नोकरीच्या निमित्ताने. प्रवासी म्हणून चढणाऱ्याला मात्र एक वेगळाच हिशेब पडतो. तिकिटाचे पैसे भरून झाल्यावर, निघण्याच्या कितीतरी आधी, कंपनी पुन्हा पत्र धाडते की जहाजावर जो खर्च करणार आहात त्याचेही पैसे आताच भरा, सोयीचे पडेल. ही सोय नेमकी कोणाची, हे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहण्यासारखे आहे.

प्रथम व्यवहार समजून घेऊ. तिकिटात खोली, मुख्य भोजनगृहातले जेवण आणि करमणुकीचे कार्यक्रम येतात. साधे पाणी, चहा, साधी कॉफी यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. बाटलीबंद पेये, खास उपाहारगृहे, बंदरावर उतरून केलेली सहल, इंटरनेट, छायाचित्रे, मालिश-स्नानगृह आणि नोकरवर्गाची बक्षिशी या सर्वांचा आकार वेगळा. जहाजावर दुकानात किंवा उपाहारगृहात रोख रक्कम चालत नाही. प्रत्येक प्रवाशाच्या नावे खाते उघडतात आणि त्याला एक कार्ड देतात. त्याच कार्डाने खोलीचे दार उघडते आणि त्याच कार्डावर खर्च लिहिला जातो. कार्निव्हलमध्ये त्याला सेल अँड साइन म्हणतात, रॉयल कॅरिबियनमध्ये सीपास. प्रिन्सेस कंपनीने २०१७ पासून कार्डाऐवजी गळ्यात किंवा मनगटावर बाळगायची नाण्याएवढी चकती आणली. सफर संपताना खात्याची बेरीज होते व ती प्रवाशाच्या बँक-कार्डावर टाकली जाते. किराणा दुकानातल्या महिन्याच्या उधारीच्या वहीसारखाच हा प्रकार, फरक इतकाच की वही दुकानदाराकडे आणि वसुलीही त्याच्याच हातात.

या खात्यात आगाऊ पैसे भरण्याचे तीन प्रकार आहेत आणि लोक नेमकी इथेच गल्लत करतात.

पहिला प्रकार म्हणजे नुसती रक्कम जमा करणे. शंभर डॉलर भरले की खात्यावर शंभर डॉलर जमा दिसतात. यात भावाचा काही फायदा नाही. शंभराचे शंभरच. तोच माल, तीच किंमत, फक्त पैसे दोन-तीन महिने आधी गेले. आपल्याकडे सूत आगाऊ उचलणारा यंत्रमागवाला किंवा लाकडाचे पैसे आधी देणारा सुतार-कारखानदार दोन पैसे भाव पाडून मागतो आणि ते त्याला मिळतातही, कारण समोरच्याचे भांडवल सुटते. इथे भांडवल सुटते कंपनीचे आणि भाव मात्र पुरता. मग नुसती रक्कम भरण्यात अर्थ काय? अर्थ आहे, पण मोजक्या प्रसंगी. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही व जो डेबिट कार्ड देणार आहे, त्याच्या बाबतीत कंपनी बँकेकडून अंदाजे रक्कम अडवून घेते. खर्च कमी झाला तरी अडवलेली रक्कम सुटायला कित्येक दिवस लागतात, आणि परतीच्या प्रवासात खिशात पैसे असून हाती काही नाही अशी अवस्था होते. अशा माणसाने थोडी रक्कम आधी भरावी, किंवा जहाजावर चढताच काउंटरवर रोख अनामत ठेवावी. बहुतेक कंपन्या ती घेतात व उरलेली परत देतात. कोणी मुलगा आई-वडिलांना सफरीवर पाठवतो व त्यांच्या खात्यात भेट म्हणून रक्कम टाकतो, तेही ठीक. अमेरिकेतल्या काही सदस्य-संस्था आणि घाऊक दुकाने या कंपन्यांची भेटकार्डे दर्शनी किमतीपेक्षा स्वस्त विकत आली आहेत. ती घेऊन खाते भरणाऱ्याला मात्र खराच फायदा होतो, कारण तिथे भाव पडलेला असतो.

या जमा रकमेत एक बारीक अक्षरातला भेद आहे. स्वतःच्या पैशाने भरलेली रक्कम खर्च न झाल्यास सहसा परत मिळते. परंतु कंपनीने किंवा एजंटाने तिकीट विकताना आमिष म्हणून दिलेली जमा बहुधा परत न मिळणारी असते. ती सफरीत वापरली नाही तर शेवटच्या रात्री बुडते. खात्यावर दोन्ही आकडे एकत्र दिसले तरी त्यांची जात वेगळी. म्हणून जहाजाच्या काउंटरवर पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे की कोणती रक्कम आधी खर्ची पडते. बुडणारी आधी खर्चावी, आपली मागे राखावी. एवढे विचारण्यात संकोच कसला? शेवटच्या सकाळी आकडा संपवण्यासाठी नको त्या वस्तू विकत घेणारे प्रवासी पुष्कळ असतात.

दुसरा प्रकार म्हणजे ठरावीक वस्तू किंवा सेवा आधी विकत घेणे. इंटरनेट, बंदरावरची सहल, खास उपाहारगृहाचे जेवण, पेयांचा एकत्रित परवाना, हे सारे घरी बसून घेतल्यास जहाजावरच्या दरापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. इथे आगाऊ पैशाचा मोबदला मिळतो, म्हणून हा व्यवहार पहिल्याहून चांगला. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांचे हे दर मंडईसारखे वरखाली होतात. आज घेतलेली वस्तू पुढच्या आठवड्यात उतरली तर जुनी खरेदी रद्द करून नव्या दराने घेता येते. मात्र जहाज सुटण्यापूर्वी काही काळ ही मुभा बंद होते, आणि ती कधी बंद होते हे खरेदी करतानाच वाचून ठेवावे.

पेयांच्या परवान्याबद्दल आमच्या वाचकांना वेगळे सांगायला हवे. त्याची मोठी किंमत मद्यामुळे असते. मद्य न घेणाऱ्यासाठी फळांचा रस, सोडा, खास कॉफी यांचा स्वस्त परवाना वेगळा मिळतो आणि तो मागितल्याशिवाय कोणी पुढे करत नाही. कार्निव्हल व रॉयल कॅरिबियन या दोन्ही कंपन्यांत एका खोलीतल्या एका प्रौढाने मद्याचा परवाना घेतला तर त्या खोलीतल्या इतर प्रौढांनाही तो घ्यावा लागतो, असा सर्वसाधारण नियम आहे. मित्र-मंडळींसोबत खोली वाटून घेणाऱ्याने हे आधी बोलून ठेवावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की "माणशी दररोज इतके डॉलर बाजूला ठेवा" असे जे सल्ले मिळतात, ते मद्य आणि जुगारघर धरून काढलेले असतात. आपल्या कुटुंबाचा खर्च त्यातून पुष्कळ कमी निघतो. तो सल्ला मानून रक्कम भरली तर पैसे अकारण अडकतील. पेयाच्या छापील दरावर सेवा-आकार म्हणून १८ ते २० टक्के वेगळे लागतात, हेही हिशेबात धरावे.

तिसरा प्रकार बक्षिशीचा. नावाला बक्षिशी, पण कंपनी ती माणशी दररोज ठरावीक दराने खात्यावर लिहिते. खोली झाडणारे, जेवण वाढणारे आणि पडद्यामागे राबणारे यांत ती वाटली जाते, आणि या लोकांत गोव्याचे व कोकणातले तरुण पुष्कळ आहेत. तेव्हा ही रक्कम काढून टाकण्याची युक्ती कोणी शिकवली तर ती कानाआड करावी. कार्निव्हलने १ एप्रिल २०२३ पासून साध्या खोलीचा दर १४.५० डॉलरवरून १६ डॉलर केला आणि त्या तारखेआधी पैसे भरणाऱ्यांना जुन्या दराची मुभा दिली. चार जणांचे कुटुंब सात दिवस गेले तर जुन्या दराने ४०६ डॉलर, नव्या दराने ४४८. आधी भरणाऱ्याचे ४२ डॉलर वाचले. दरवाढ जाहीर झालेली असेल तर आधी भरणे शहाणपणाचे. नाहीतर आज भरा की जहाजावर भरा, रक्कम तीच.

आता कंपनीच्या बाजूने पाहू, कारण व्यापाऱ्याला खरी गंमत तिथेच आहे. कार्निव्हल कॉर्पोरेशनने ३१ मे २०२४ रोजी आपल्याकडे ग्राहकांच्या आगाऊ जमा रकमा ८.३ अब्ज डॉलर असल्याचे जाहीर केले. त्यात मोठा वाटा तिकिटाच्या पैशाचा आहे, परंतु जहाजावरच्या खर्चासाठी आधीच घेतलेला पैसाही त्यात येतो. इतके भांडवल, आणि त्यावर ग्राहकाला काही द्यावे लागत नाही. मात्र ताळेबंदात ही रक्कम देण्याच्या बाजूला दाखवली जाते. जहाज सुटल्याशिवाय, सेवा दिल्याशिवाय तिला उत्पन्न म्हणता येत नाही. आपल्याकडे लग्नसराईत आलेला इसार हाच नफा समजून घरखर्चात घालणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. फर्निचरवाले असोत की जरीवाले, पुढे माल द्यायच्या वेळी लाकूड किंवा जर उधारीवर आणावी लागते.

दुसरे असे की आधी पैसे देणारा ग्राहक जहाजावर हात आखडता घेतो, असे कोणालाही वाटेल. घडते उलट. रॉयल कॅरिबियनच्या अधिकाऱ्यांनी २०२३ मध्ये भागधारकांपुढे सांगितले की सफरीआधी खरेदी करणारा ग्राहक फक्त जहाजावर खरेदी करणाऱ्यापेक्षा दुपटीहून अधिक खर्च करतो. हौशी माणूसच आधी खरेदी करतो, हे त्यामागचे एक कारण असू शकेल. परंतु आमच्या मते दुसरे कारणही तितकेच खरे आहे. महिन्यापूर्वी दिलेला पैसा मनातून गेलेला असतो. जहाजावर पाय ठेवताना खाते कोरे दिसते, आणि कोरे खाते पाहून माणूस नव्याने खर्चाला लागतो. म्हणून आधी भरलेली रक्कम एका कागदावर लिहून सोबत ठेवावी आणि एकूण खर्चाची मर्यादा त्यासकट मोजावी.

राहिला प्रश्न पैसा बुडण्याचा. ही भीती कल्पनेतली नाही. १४ मार्च २०२० रोजी अमेरिकी आरोग्य खात्याने प्रवासी जहाजांना मनाई केली आणि सफरी एकामागून एक रद्द झाल्या. रॉयल कॅरिबियनने पूर्ण परतावा किंवा पुढच्या सफरीसाठी १२५ टक्के जमा असे दोन पर्याय दिले. पैसे घेणाऱ्यांना ते हाती पडायला बराच काळ लागला. मुंबईहून २०१९ च्या एप्रिलपासून चालणाऱ्या जलेश कंपनीने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कारभार गुंडाळला आणि तिचे कर्णिका जहाज अलंगला भंगारात गेले. क्रिस्टल या महागड्या कंपनीची गोष्ट तर बोलकी आहे. मालक गेंटिंग हाँगकाँग २०२२ च्या जानेवारीत बुडीत निघाले. सुमारे ४६ लाख डॉलरच्या इंधनाच्या थकबाकीसाठी मायामीच्या न्यायालयातून क्रिस्टल सिम्फनी जहाजाच्या जप्तीचे वॉरंट निघाले. जहाज मायामीला न येता बहामाच्या बिमिनी बेटाकडे वळले आणि प्रवाशांना २३ जानेवारीला लहान बोटीने फ्लोरिडात आणावे लागले. पुढच्या सफरींचे पैसे भरून बसलेल्यांना दावे दाखल करावे लागले.

अमेरिकेत यासाठी १९६६ चा कायदा आहे. तिथल्या बंदरातून प्रवासी घेणाऱ्या, ५० किंवा अधिक प्रवाशांची सोय असलेल्या जहाजांच्या मालकाला संघीय सागरी आयोगाकडे तारण किंवा हमी ठेवावी लागते. परंतु या हमीला कमाल मर्यादा आहे. ती दीर्घकाळ दीड कोटी डॉलर होती, २०१५ मध्ये तीन कोटी झाली आणि नंतर महागाईप्रमाणे बदलत राहिली. वरच्या ८.३ अब्जांशी तुलना केली की हमीचे पांघरूण किती आखूड आहे ते दिसते. पैसे क्रेडिट कार्डाने भरल्यास सेवा न मिळाल्याची तक्रार बँकेकडे करता येते, म्हणून रोख किंवा बँकेतून थेट वळते करण्यापेक्षा कार्ड बरे. भारतातून डॉलरमध्ये भरणाऱ्याने आणखी एक पाहावे. बँक चलन बदलताना आपला आकार घेते, आणि रक्कम परत येते ती त्या दिवसाच्या दराने. रद्द झालेल्या खरेदीचे डॉलर पूर्ण परत आले तरी रुपये पूर्ण येतील असे नाही.

वादळामुळे जहाज एखाद्या बंदरावर थांबले नाही तर कंपनीमार्फत घेतलेल्या तिथल्या सहलीचे पैसे परत होतात, पण सफर चालू असताना ते बहुधा जहाजावरच्या खात्यात जमा होतात. असा परतावा दिसल्यास तो बुडणाऱ्या जमेत मिसळला आहे की आपल्या रकमेत, हे काउंटरवर लगेच विचारावे. शेवटच्या रात्री रांग मोठी असते. आदल्या संध्याकाळीच खात्याचा उतारा मागून घ्यावा, आधी भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती समोर ठेवून एकेक ओळ ताडून पाहावी आणि चूक असेल तर जहाज बंदराला लागण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावी. एकदा उतरल्यावर पत्रव्यवहार मायामीशी करावा लागतो.