शाळा सुटली, नजर सुटू नये

मूल शाळेत घातलं की त्याला भाषा, गणित, कवायत मिळते, हे उघड आहे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट मिळते आणि तिची नोंद कुठल्याच प्रगतिपुस्तकात नसते. दिवसाचे पाच-सहा तास घराबाहेरची मोठी माणसं त्या मुलाकडे पाहत असतात. फळा दिसत नाही म्हणून मान पुढे काढणारा मुलगा बाईंच्या लक्षात येतो. एखाद्या मुलीला दोनदा हाक मारावी लागते, एखाद्याचा डबा रोज तसाच परत जातो, हे कुणीतरी टिपतं आणि पालकसभेत सांगतं. प्रवेशाच्या वेळी लसीचं कार्ड मागितलं जातं, अधूनमधून वजन-उंची मोजली जाते. शाळांवर आपले कितीही आक्षेप असोत, मुलांच्या आरोग्यावरची ही नजर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकू देणारी कुटुंबं पुण्यात आता नवलाची राहिलेली नाहीत. देशभरातल्या अशा कुटुंबांचं ‘स्वशिक्षण’ नावाचं जाळंही आहे. हे पालक निर्णय विचारपूर्वक घेतात. अभ्यासक्रम हवा की नको, परीक्षा कोणती, यावर त्यांच्यात भरपूर खल होतो. पण शाळेबरोबर ही नजरही सुटते, तिचं काय, हा प्रश्न मात्र मागे पडतो. घरी शिकवायचं ठरवलं की ही नजरही ठरवून उभी करावी लागते, असं मला मनापासून वाटतं. ते अवघड नाही. पण आपोआप होत नाही.

घरी शिकण्याची जुनी वाट

मराठी मुलखाला घरचं शिक्षण नवं नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी. रमाबाई रानडे पुण्याच्या घरात पती न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुढे १९०९ साली त्यांनी पुणे सेवासदन उभं केलं. तिथं बायकांना परिचारिकेचं शिक्षण मिळू लागलं. आनंदीबाई जोशींना त्यांचे पती गोपाळराव यांनी शिकवलं. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसच जगलं. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला आणि १८८६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचा अंत झाला. या तिघींच्या वेळी मुलींना शाळेचं दार जवळजवळ बंदच होतं. आजच्या पालकांपुढे दार उघडं आहे आणि तरी ते घर निवडतात. निवड केली की तिची जबाबदारीही आपलीच.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे त्याच्या कलम १० नं पालकांचं कर्तव्य मानलं आहे. पण तसं न करणाऱ्या पालकासाठी कायद्यात शिक्षा नाही. होमस्कूलिंग करणाऱ्यांचा वावर याच मोकळ्या जागेत असतो. पुढे दहावीसाठी राज्य मंडळाचा, बाहेरून बसणाऱ्यांसाठी असलेला १७ नंबरचा फॉर्म भरता येतो किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, परीक्षा चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. परीक्षांची सोय झाली आहे. आरोग्याची सोय मात्र अजून शाळा आणि अंगणवाडी यांच्याभोवतीच बांधलेली आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमच पाहा. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो महाराष्ट्रातल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब शोधण्यासाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा. खासगी शाळा आपापली व्यवस्था करतात. जे मूल यांपैकी कुठेच नाही, त्याच्यापर्यंत कुणी आपणहून पोचत नाही.

डोळे, कान आणि उंची

पहिली गोष्ट डोळ्यांची. घरी शिकणारं मूल वही, पुस्तक, टॅब असं सगळं हातभर अंतरावर पाहतं. दूरचा फळा त्याच्या दिवसात नसतोच, त्यामुळे लांबचं अंधुक दिसतंय हे ना त्याला कळतं, ना आईला. एकच डोळा कमजोर असेल तर मूल दुसऱ्यावर निभावून नेतं आणि तक्रारही करत नाही. अशा ‘आळशी’ डोळ्यावर सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर चांगला गुण येतो. उशीर झाला की कठीण होतं. म्हणून अधूनमधून एक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरचं कालनिर्णय वाचायला सांगावं, मग दुसरा. एवढ्यावर मात्र थांबू नये. शाळेचं वय सुरू होण्याआधी एकदा आणि पुढे वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. कानांचंही तसंच. सतत सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, ऐकू कमी येतं आणि आपण ‘लक्षच देत नाही’ म्हणून रागावतो.

रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लघुदृष्टी होण्याची शक्यता कमी असते, असं तैवान, चीन आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांतून दिसलं आहे. या बाबतीत घरी शिकणारी मुलं भाग्यवान आहेत. पुण्यातली वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजई त्यांना भर सकाळी मिळू शकते. इतरांची मुलं त्या वेळी वर्गात बसलेली असतात. ही संधी टॅबवरच्या क्लासपायी घालवू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांखाली स्क्रीन नको, पाचव्या वर्षापर्यंत दिवसाला एक तासाहून जास्त नको.

दुसरी गोष्ट वाढीची. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी या संघटनेनं २०१५ मध्ये उंची-वजनाचे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले, त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. हे तक्ते बालरोगतज्ज्ञांकडे असतात. एकाच मोजणीतून फार कळत नाही. दर सहा महिन्यांनी ठिपका टाकला की रेषा दिसते. मूल आपल्या रेषेवरून घसरतंय का, हे त्या रेषेवरून समजतं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करण्याची आपली रीत चांगलीच आहे, फक्त त्या खुणेशेजारी तारीख लिहावी आणि आकडा तक्त्यावर न्यावा.

विसरलेल्या लसी, राहिलेल्या गोळ्या

दीड-दोन वर्षांपर्यंतच्या लसी बहुतेक सगळे पालक नेमानं देतात. विसर पडतो तो नंतरच्या लसींचा. सरकारी वेळापत्रकात पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा दुसरा बूस्टर आहे, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस आहे. नेमक्या याच वयात शाळेकडून आठवण होते, आणि शाळेत नसलेल्या मुलाच्या घरी ती होत नाही. महापालिकेच्या दवाखान्यांत या लसी मोफत मिळतात. मुलींसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्हीची लसही आहे. ती नऊ ते चौदा या वयात दिली तर सर्वाधिक उपयोगी पडते, आणि तिची भारतीय आवृत्ती पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटनं तयार केली आहे.

काही होमस्कूलिंग कुटुंबांचा ओढा निसर्गोपचाराकडे असतो आणि लसींबद्दल मनात शंका असते. त्यांना कळकळीनं एक सांगावंसं वाटतं. गोवर फार वेगानं पसरतो, त्याला थोपवायला समाजातल्या सुमारे ९५ टक्के मुलांना संरक्षण असावं लागतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा लसीकरणातल्या फटी किती महागात पडतात हे आपण पाहिलं. घरी शिकणारी मुलं सहलींना, कार्यशाळांना एकत्र येतात, तिथं सहा महिन्यांची भावंडंही मांडीवर असतात. त्या तान्ह्यांना गोवराची लस अजून मिळालेली नसते. त्यांचं संरक्षण मोठ्या मुलांच्या लसीतच आहे.

जंतांच्या गोळीचंही असंच. १ ते १९ वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोल दिलं जातं. शाळेत न जाणाऱ्या मुलांना ते अंगणवाडीत मिळतं; आपल्या भागातल्या अंगणवाडीताई किंवा आशाताईंना विचारायचं, एवढंच.

ताटातलं

घरी शिकणाऱ्या मुलाला गरम ताजं जेवण मिळतं, स्वयंपाकात हात घालायला मिळतो, हे मोठं सुख आहे. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी दोन रक्तक्षयी आढळली. यात खात्यापित्या घरची मुलंही आली. पालेभाजी, डाळी, मोड आलेली कडधान्यं यांबरोबर लिंबू किंवा आवळा असला तर लोह अंगी लागतं. जेवणालगतचा चहा ते अडवतो.

बी-१२ या जीवनसत्त्वाबद्दल तर पुण्यातच महत्त्वाचं काम झालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळलं. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. शाकाहारी घरात ते मुख्यतः दुधा-दह्यातून येतं, आणि तेही पुरेलच असं नाही. मुलाला दूधही बंद करून पूर्ण व्हीगन आहार द्यायचा असेल तर डॉक्टरांना विचारून बी-१२ पूरक म्हणून द्यावंच लागेल. याला घरगुती पर्याय नाही.

ग्रुपवरचा सल्ला आणि गडचिरोलीचा धडा

घरी शिकवणाऱ्या पालकांचा खरा आधार एकमेकांचा असतो, बहुतेकदा फोनवरच्या ग्रुपमधून. दोन वर्षांचं मूल काहीच खात नाही, भावंडांची मारामारी थांबत नाही, उवा झाल्या, आजी ‘शाळेत घाला’ म्हणून रोज टुमणं लावते. अशा प्रश्नांवर दुसऱ्या आईच्या दोन वाक्यांनी जो धीर येतो तो इतर कशानं येत नाही. अमेरिकेत जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी नियतकालिक काढलं, ते बरंचसं पालकांच्या पत्रांवरच चाले. पुण्यात १९८७ पासून ‘पालकनीती’ मासिकानं पालकत्वाचा असाच मोकळा संवाद मराठीत चालू ठेवला. अनुभवी माणसाचा सल्ला ही टाकाऊ गोष्ट नाही.

पण तो कुठवर घ्यायचा, हे गडचिरोलीकडून शिकावं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं तो जगापुढे मांडला. त्या बायका डॉक्टर नव्हत्या. त्या बाळाचं वजन करत, थर्मामीटर लावत, घड्याळ धरून श्वास मोजत, कागदावर लिहीत, आणि कोणत्या खुणेला काय करायचं हे त्यांचं आधीच ठरलेलं असे. घरच्या काळजीला मोजमाप, नोंद आणि ठरलेली मर्यादा यांची जोड मिळाली की ती किती समर्थ होते, याचा हा पुरावा आहे.

आपल्या घरीही हेच करता येतं. ‘अंग गरम लागतंय’ ऐवजी ताप मोजून वेळेसह लिहावा. एक ते पाच वर्षांचं मूल शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा जास्त श्वास घेत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, म्हणून दुसऱ्याच्या मुलाचे चमचे आपल्याला लागू नाहीत. डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळावं. ताप उतरल्यावर पोटात दुखणं, उलट्या, रक्तस्राव दिसला तर तडक रुग्णालयात जावं. मूल पाणी पीत नाही, गुंगीत आहे, झटका आला, सहा-आठ तास लघवी नाही, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आहे. यांपैकी काहीही झालं तर ग्रुपवर विचारत बसू नये.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण वाढले. पुण्याभोवती संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, आणि बोट दूषित पाण्याकडे गेलं. अशा वेळी ग्रुपवर कितीही संदेश फिरोत, खरी उपयोगी माहिती दोनच वाक्यांची होती: पाणी उकळून प्या, आणि पाय लुळे पडतायत असं वाटलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

घराबाहेरचं एक विश्वासाचं माणूस

वाचायला उशिरा लागणं घरी शिकणाऱ्या मुलांत नवं नाही, आणि घाई न करण्यात शहाणपण आहे. मात्र आठ वर्षांचं मूल मनापासून प्रयत्न करूनही अक्षरं धरू शकत नसेल, तर वाट पाहत न राहता तपासणी करावी. वाचनाची अडचण वेळीच ओळखली तर शिकवण्याची रीत बदलता येते.

याहून नाजूक गोष्ट मनाची. प्रत्येक मुलाला आई-बाबांखेरीज असं एक मोठं माणूस हवं, ज्याच्याशी ते घरातलंही बोलू शकेल: मावशी, काका, तबल्याचे गुरुजी, खेळाच्या ताई, घरचे डॉक्टर. शाळेत ही जागा कुणीतरी बाई भरून काढतात. घरी ती आपण मोकळ्या मनानं द्यावी, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलाला पाठ असावा.

आणि आईचं काय? होमस्कूलिंगचा बहुतेक भार अजूनही तिच्यावरच पडतो. बाबा कामावर, ती दिवसभर मुलांबरोबर, वर सासरच्या-माहेरच्या शंकांना उत्तरं. तिची झोप आणि तिचा स्वतःचा मोकळा वेळ यांना घरच्या वेळापत्रकात पहिली जागा मिळायला हवी. मन फारच थकलं तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

सुरुवात इथून करा

मुलाचा वाढदिवस ज्या महिन्यात येतो, तो त्याचा आरोग्याचा महिना ठरवा. डोळे, कान, दात, उंची-वजन, गरज असेल तर हिमोग्लोबिन, आणि लसीच्या कार्डावर एक नजर. सगळं एका वहीत लिहा. आठ-दहा कुटुंबांनी मिळून वर्षातून एकदा बालरोगतज्ज्ञांना आपल्या मेळाव्याला बोलवावं, मुलांना त्यांच्यापुढे प्रश्न विचारू द्यावेत. दहा-बारा वर्षांचं मूल ती वही स्वतः भरू शकतं: आपलं शरीर मोजणं, समजून घेणं हाही अभ्यासच आहे. शाळेत हे काम कुणीतरी त्याच्यासाठी केलं असतं. घरी ते त्याला स्वतः करायला शिकता येतं. घरच्या शिक्षणानं मुलाला द्यावं अशा गोष्टींत हिचा क्रमांक फार वरचा आहे.